जुन्या स्टिरिओला सबवूफर जोडताना

जळगावचे गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुरुस्तीच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येते. घरचा जुना स्टिरिओ चांगला वाजतो, टाकून देववत नाही. फक्त 'बेस' कमी पडतो. सबवूफर जोडण्याचे काम तसे अर्ध्या तासाचे. पण घाई केली तर गिऱ्हाइकाचा अँप्लिफायर जळतो आणि भरपाई कारागिराच्या गळ्यात पडते. म्हणून काही गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

आधी सबवूफर कोणता ते पाहावे. ज्याला विजेची वायर आहे, त्यात स्वतःचा अँप्लिफायर असतो. दुसरा प्रकार म्हणजे नुसते खोके आणि स्पीकर. हा दुसरा प्रकार जुन्या यंत्राला थेट लावू नये. 8 ओहमच्या स्पीकरला 8 ओहमचाच सबवूफर समांतर जोडला की एकूण भार 4 ओहम होतो. करंट दुप्पट ओढला जातो आणि आउटपुटचा आयसी किंवा ट्रान्झिस्टर तापून जातो.

विजेवर चालणाऱ्या सबवूफरच्या मागे बहुधा 'हाय लेव्हल' अशी स्पीकरच्या वायरींची जागा असते. अँप्लिफायरच्या डाव्या-उजव्या स्पीकर टर्मिनलवरून तेथे वायरी न्याव्यात. मूळ स्पीकर तसेच राहू द्यावेत. सबवूफर या वायरींतून नावापुरताच करंट घेतो, म्हणून यंत्रावर भार पडत नाही. ही जागा नसेल तर कार स्टिरिओच्या कामात वापरतात तो हाय-लो कन्व्हर्टर मध्ये घालावा. 'रेकॉर्ड आउट'मधून जोडणी घेऊ नये. तेथे व्हॉल्यूमचे बटण लागू होत नाही, त्यामुळे गाण्याचा आवाज कमी केला तरी बेस तेवढाच राहतो.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या वायरी कधीही एकत्र करू नयेत. एलए 4440 सारखा आयसी ब्रिज पद्धतीने बसवलेला असेल तर स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थ नसते. ती चॅसीला किंवा कन्व्हर्टरच्या अर्थला टेकली तर आयसी जातो. म्हणून सर्व जोडणी यंत्र बंद ठेवून करावी आणि आधी मीटरने तपासून घ्यावे.

नंतर क्रॉसओव्हर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवावा. फेजचे बटण दोन्हीकडे फिरवून पाहावे. ज्या बाजूला बेस भरीव वाटेल ती बाजू बरोबर. घूं-घूं आवाज आला तर दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहावीत.

शेवटी धंद्याची गोष्ट. यंत्र हाती घेतानाच गिऱ्हाइकासमोर वाजवून पाहावे आणि आधीचा दोष पावतीवर लिहावा. न झेपणारी जोडणी मागितली तर स्पष्ट नकार द्यावा. आज गेलेली मजुरी उद्या परत मिळते. दुकानाचे गेलेले नाव मिळत नाही.