कानांनी वाचलेला जगाचा इतिहास

वर्षावासाचे तीन महिने आमच्या नांदेडच्या वस्तीतले विहार रोज संध्याकाळी भरलेले असते. आषाढ पौर्णिमेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते ते आश्विन पौर्णिमेला संपते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. दोन वर्षांमागे समारोपाच्या दिवशी खीरदान आटोपले, सतरंज्या गोळा होत होत्या, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने आम्हाला गाठले. म्हणाली, “भाऊ, पुस्तक तर सरलं. आता उद्यापासून इकडं कामून यायचं आम्ही? काय ऐकायचं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ही आजी एक अक्षर शिकलेली नाही. पण तीन महिने एकही दिवस न चुकता बसली होती, आणि वाचणाऱ्याने पान गाळले तर टोकत होती. छापील अक्षराचे दार जिला बंद, तिच्या कानाचे दार असे सताड उघडे! मग ते फक्त तीन महिनेच का वापरायचे?

खरे सांगायचे तर हा प्रश्न आम्ही स्वतःपुरता आधीच सोडवला होता. नोकरी लातुरात, बिऱ्हाड नांदेडात. शनिवारी संध्याकाळी लातूरहून एस.टी.त बसायचे, चाकूर, अहमदपूर, लोहा करत रात्री घर गाठायचे. या प्रवासात आम्ही मोबाईलवर इतिहासाची व्याख्याने ऐकू लागलो. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, इतिहास दहावीला सोडला तो सोडलाच. सुरुवात स्पर्धा परीक्षेच्या हिंदी व्याख्यानांपासून झाली. ती फुकट आणि ढिगाने मिळतात, पण त्यांत सनावळी फार आणि माणसे कमी. फ्रेंच राज्यक्रांती १७८९, कारणे पाच, परिणाम सात, आणि गाडी पुढे! मुलांना गुण मिळत असतील, पण ऐकणाऱ्याच्या मनात एकही प्रश्न उरत नाही.

आमची एक पुतणी लातुरात खोली करून राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करते. तिने आम्हाला चांगल्या व्याख्यानांची वाट दाखवली. आजीचा प्रश्न आम्ही तिच्याच पुढे ठेवला. ती म्हणाली, “काका, आपण विहारातच लावू या की. मी आले की मराठीत सांगत जाईन.” जयंती मंडळाचा स्पीकर वर्षातून चार दिवस वाजतो आणि उरलेले दिवस धूळ खातो. तो पुसून घेतला. महिन्यातून दोन रविवार ठरले. पुतणी पाच-सात मिनिटांनी व्याख्यान थांबवते, मराठीत समजावते, कोणाला काही विचारायचे असेल तर विचारू देते, मग पुढे लावते. तासाभराचे व्याख्यान अडीच तास चालते. न थांबता लावले तर अर्धी मंडळी पेंगतात, हा आमचा पहिल्याच रविवारचा अनुभव.

ऐकून शिकणे आपल्याला नवे नाही. तथागतांची वचने भिक्खूंनी शेकडो वर्षे मुखोद्गत ठेवली. ती श्रीलंकेत लिहून काढली गेली इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. सुत्तांची सुरुवातच मुळी ‘मी असे ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी होते. आणि ज्याला आज ऑडिओबुक म्हणतात, ते बोलके पुस्तक निघाले आंधळ्यांसाठी. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी आणि इतर अंधांसाठी अमेरिकेत १९३४ च्या सुमारास व इंग्लंडमध्ये १९३५ साली तबकड्यांवर पुस्तके वाचून देण्यास आरंभ झाला. ज्याला वाचता येत नाही त्याच्याचसाठी जन्मलेली ही वस्तू आहे. आपल्या वस्तीत ती आली तर योग्य घरीच आली म्हणायचे.

पहिल्या बैठकीत फ्रेंच राज्यक्रांती लावली. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आले तसे एक तरुण म्हणाला, “हे तर आपल्या घटनेतले शब्द. बाबासाहेबांनी तिकडूनच घेतले की काय?” प्रश्न रास्त होता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आपले तत्त्वज्ञान या तीन शब्दांत आहे, मात्र ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असा त्याचा आशय. ते भाषण काढून वाचून दाखवले.

त्याच वेळी पुढची बैठक ठरून गेली. ज्या फ्रान्सने हे तीन शब्द जगाला ऐकवले, त्याच फ्रान्सच्या हैती या वसाहतीत लाखो काळे गुलाम उसाच्या मळ्यांत राबत होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ते उठले. तुसाँ लुव्हेर्तुर हा पूर्वीचा गुलाम त्यांचा सेनापती. १७९४ साली पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली, आणि हैतीच्या लोकांनी नेपोलियनच्या सैन्याला पाणी पाजून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राष्ट्र जाहीर केले. आमच्या शाळेच्या पुस्तकात नेपोलियन पानभर होता. हैतीचे नावसुद्धा नव्हते.

यापुढचे ऐकताना आमच्यातला कारकून जागा झाला. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने हैतीच्या किनाऱ्यावर लढाऊ जहाजे उभी केली आणि मान्यतेची किंमत मागितली, १५ कोटी फ्रँक. कशाबद्दल? मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याबद्दल. नुकसान म्हणजे त्यांची जमीन, आणि गुलाम म्हणून ठेवलेली माणसेही. पुढे १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भरण्यासाठी हैतीला कर्जे काढावी लागली आणि त्या कर्जांची शेपटी १९४७ पर्यंत पुरली. इंग्लंडचाही हिशेब तसाच. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई ठरली, ती मालकांना. गुलामांना एक दमडी नाही. त्यासाठी सरकारने काढलेले कर्ज पुरते फिटले २०१५ साली! आम्ही रोज जमाखर्चाच्या वह्या बघतो, पण देणेकऱ्याच्या रकान्यात धनको आणि धनकोच्या रकान्यात देणेकरी अशी उलटी नोंद कधी पाहिली नव्हती.

पुतणीने हे मराठीत सांगितले तेव्हा विहारात कोणी बोलेना. मग मागून एक बाई म्हणाली, “त्यात नवल काय? आम्ही गायरान कसलं. दगडं आम्ही येचली, अन् दंड भी आम्हीच भरला.” त्या दिवशी व्याख्यान तिथेच थांबले. उरलेला वेळ गायरानावर गेला.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस या काळ्या विद्वानाला पत्र लिहून काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची चौकशी केली. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. मार्टिन ल्युथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. ४ जुलै १९६५ च्या ध्वनिमुद्रित प्रवचनात ते सांगतात की केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली गेली. आधी त्यांना ते खटकले. मग आपल्या लोकांची स्थिती आठवून त्यांनी मनोमन ते कबूल केले. हे प्रवचन आम्ही दोनदा लावले.

पण सर्वांत खोल गेली ती एक जुनी, खरखरीची मुलाखत. फाउंटन ह्यूज नावाचे शंभरी ओलांडलेले गृहस्थ, गुलाम म्हणून जन्मलेले. ११ जून १९४९ रोजी बाल्टिमोर शहरात त्यांचा आवाज घेतला गेला आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जपला आहे. आपला आजा थॉमस जेफरसनच्या मालकीचा होता, असे ते सांगतात. सर्व माणसे समान आहेत असे १७७६ साली लिहिणारा जेफरसन तो हाच! ह्यूज सांगतात, आम्हाला गुरांसारखे विकत, मालकाची चिठ्ठी असल्याशिवाय रस्ता ओलांडता येत नसे, निजायला पलंग नसे, आणि मुक्ती झाली तेव्हा हाती काही न देता ढोरांसारखे बाहेर सोडले. इंग्रजी कोणालाच नीट कळत नव्हते, आम्हालाही नाही. तरी म्हाताऱ्याचा आवाज सर्वांना कळला.

त्या बैठकीनंतर एक बाबा काठी टेकत आमच्याजवळ आले. तरुणपणी नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत काम केलेले. म्हणाले, “याचं ऐकलाव, तसं माझं भी कोणी ऐकंल का?” १९७८ चा जुलै-ऑगस्ट त्यांनी पाहिला होता. नामांतराचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात बौद्ध वस्त्या पेटल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यातच मारले गेले. बाबांचे गाव तिथून लांब नव्हते. आम्ही दोन रविवार मिळून त्यांचे बोलणे मोबाईलवर घेतले, तीन तासांच्या वर. आणि आमचा हलगर्जीपणा असा की त्याची दुसरी प्रत ठेवली नाही. उन्हाळ्यात मेमरी कार्ड बिघडले. दुकानदाराने खटपट केली, अकरा मिनिटे निघाली. पुन्हा सांगा म्हणायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. पावसाळ्याआधी गेले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख बोलून घेतो, आणि त्याच रात्री दोन वेगळ्या घरी प्रती ठेवतो. नाव-गाव-तारीख का, तर मोबाईलवर आता बाबासाहेबांचा म्हणून कसलाही आवाज फिरतो, आणि हुबेहूब आवाज संगणकही तयार करतो. १९५५ मध्ये बीबीसीने घेतलेली मुलाखत इंग्रजीत आहे, तो आवाज एकदा नीट ऐकून ठेवावा. बाकी कुठले भाषण, कोणी मुद्रित केले, कोणत्या दिवशी, हे सांगता येत नसेल तर पुढे ढकलू नये.

आता मुली स्वतःही वाचून मुद्रण करू लागल्या आहेत. ‘गुलामगिरी’ अस्सल मराठीत आहे, तिला कोणाची परवानगी लागत नाही. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखनही १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मोकळे झाले. अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो, त्याला विचारूनच वाचावे. लातूरच्या खोलीत पुतणी आणि तिच्या मैत्रिणी रात्री पंखा बंद करून ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ इंग्रजीतून स्वतः मराठीत करत आहेत. १९३६ साली लाहोरच्या मंडळाने अधिवेशन रद्द केल्यामुळे जे भाषण कोणाला ऐकताच आले नाही, ते! त्यात रोम आहे, ल्युथर आहे. आजीने विचारले आहे की रोम म्हणजे कुठे. येत्या रविवारी नकाशा लावायचा आहे.