तहानलेल्या कडवळाचं विष

उन्हाळी कडवळ खाऊन जनावरं दगावल्याची बातमी अधूनमधून येते आणि तिच्यामागून ठरलेला प्रश्नही येतो: हा हायब्रीड बियाण्याचा परिणाम का?

२०१२ मध्ये टेक्सासमधल्या एल्गिनजवळ एका कुरणात सोडलेल्या १८ जनावरांपैकी १५ मेली. गवत होतं ‘टिफ्टन ८५’. जनुकीय बदल केलेल्या गवताने गुरं मारली, अशा बातम्या झळकल्या. त्या साफ चुकीच्या होत्या. टिफ्टन ८५ हा दोन गवतांचा नेहमीच्या पद्धतीने केलेला संकर आहे आणि त्याच रानात गुरं कित्येक वर्षं चरत आली होती. आदल्या वर्षी मात्र टेक्सासने भीषण दुष्काळ सोसला होता. मेलेल्या गुरांचा बळी घेतला होता हायड्रोजन सायनाइडने.

कडवळ म्हणजे चाऱ्याची ज्वारी, आणि ज्वारीतलं हे विष शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं. १९०२ मध्ये लंडनमध्ये विंडहॅम डन्स्टन आणि थॉमस हेन्री यांनी इजिप्तहून आलेल्या कोवळ्या ज्वारीतून धुरिन, म्हणजे फुटल्यावर सायनाइड सोडणारं संयुग, वेगळं काढलं. ज्वारीने ते किती हुशारीने ठेवलंय पाहा! धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत आणि ते फोडणारं विकर आतल्या थरात. काडी एका खिशात, काडेपेटी दुसऱ्या खिशात. जोवर घासली जात नाही तोवर आग नाही. गाईने पान चावलं की काडी ओढली जाते. कोवळं पान ठेचून बंद परीक्षानळीत घाला आणि वर पिक्रेटची पिवळी कागदी पट्टी टांगा. सायनाइड सुटलं की पट्टी हळूहळू विटकरी होते.

रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त, कारण त्यांच्या पोटातले जिवाणूही धुरिन फोडतात. घोड्याच्या आम्लधर्मी जठरात हे काम मंदावतं. सुटलेलं सायनाइड पेशींचं ऑक्सिजन वापरणारं विकर बंद पाडतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशींना तो घेता येत नाही. म्हणून हिरड्या लालभडक दिसतात. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं, आणि हे सगळं काही मिनिटांत होऊ शकतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणं हा उतारा आहे, पण पशुवैद्यक वेळेत पोचला तरच.

म्हणूनच सगळी मदार कापणीच्या वेळेवर. धुरिन कोवळ्या पानांत आणि फुटव्यांत सर्वांत जास्त असतं. ताट वाढेल तसं प्रमाण घटतं. पाण्याचा ताण आणि नत्राचा मारा ते वाढवतात. एका कापणीचं कडवळ निम्मं फुलोऱ्यात आल्यावरच कापावं. ताणानंतर पाणी मिळून फुटलेले लुसलुशीत कोंब दिसायला मोहक, पण घातक; त्यात उपाशी गुरं कधीही सोडू नयेत. नीट वाळलेल्या कडब्यातून सायनाइड बरंचसं उडून जातं. ताणातल्या पिकातला दुसरा धोका, नायट्रेट, मात्र वाळवूनही जात नाही. ते खोडाच्या बुडाकडे साठतं, म्हणून ताणातलं पीक जरा उंचावरून कापलेलं बरं.

आता टिफ्टन ८५ घडवणाऱ्या माणसाविषयी. ग्लेन बर्टन हे जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनचे गवतशास्त्रज्ञ. त्यांनी शोधलेला ‘टिफ्ट २३ए’ हा बाजरीचा नरवंध्य वाण भारतात आला आणि त्याच्या जोरावर दिलबागसिंग अठवाल यांनी लुधियानात ‘एचबी-१’ हा संकरित वाण तयार केला. १९६५ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आपल्या बाजरीच्या इतिहासात बर्टन यांचं नाव ठळक हवं. ते क्वचितच दिसतं. आणि बाजरी धुरिन बनवत नाही! नायट्रेटचं भान ठेवलं, तर कडवळ तयार होईपर्यंत तिचा हिरवा चारा गोठ्याला आधार देतो.

संकराची एकच विद्या, एकच शास्त्रज्ञ. त्यातून एल्गिनचं गवतही आलं आणि आपल्या बाजरीचा वाणही. म्हणून हायब्रीड या शब्दाची भीती बाळगून एकही गाय वाचणार नाही. पिकाचं वय आणि त्याने सोसलेला ताण पाहिला, तर वाचेल. चाऱ्याच्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर कापणीची अवस्था ठळक मराठीत छापणं सक्तीचं व्हायला हवं.