रोजची वॉर्निंग ‘ओके’ करून पुढे जाताय? मग हे वाचा



आमच्या दुकानात बिल करताना ‘स्टॉक मायनस’ अशी सूचना यायची. खरेदीची एन्ट्री उशिरा व्हायची, त्यामुळे ती रोजचीच झाली होती. काउंटरवरची मुलं ओके दाबून पुढे जायची. एकदा 20 बॉक्सची खरेदी 20 नग म्हणून चढली. सूचना तेव्हाही आली, पण कोणी बघितलीच नाही. माल संपला समजून मी परत ऑर्डर दिली आणि ऐन दिवाळीत पैसे गोदामात अडकले.

हाच प्रश्न लिनक्सवाल्यांनी कसा हाताळला ते बघा.

लिनक्स कर्नल म्हणजे अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत चालणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरातले प्रोग्रामर त्यात कोड पाठवतात. हा कोड मशीनच्या भाषेत बदलतो तो कंपायलर. एरर आली की काम थांबतं. वॉर्निंग आली तर काम होतं, पण कंपायलर सांगतो की इथे गडबड वाटतेय. उदाहरणार्थ, एखाद्या व्हेरिएबलमध्ये किंमत न भरताच ते वापरलंय.

अडचण कुठे येते? स्वतःच्या 64 बिट कॉम्प्युटरवर स्वच्छ दिसणारा कोड 32 बिट मशीनसाठी बिल्ड केला की वॉर्निंग देऊ शकतो. एक माणूस किती ठिकाणी तपासणार? म्हणून इंटेलची टीम ‘कर्नल टेस्ट रोबोट’ चालवते. नवा कोड आला की तो वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी, वेगवेगळ्या सेटिंगने आपोआप बिल्ड होतो. नवी वॉर्निंग दिसली की कोड लिहिणाऱ्यालाच ईमेल जातो: कोणता बदल, कोणती फाइल, कितवी ओळ.

2021 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तर प्रत्येक वॉर्निंगला एररच मानायचा नियम केला. पण किरकोळ वॉर्निंगनेही लोकांचे बिल्ड अडायला लागले. काही दिवसांतच तो नियम तपासणीच्या बिल्डपुरता ठेवला. म्हणजे तपासणी कडक, पण रोजचं काम चालू.

आम्ही तेच केलं. आधी मायनसची जुनी यादी शून्यावर आणली, कारण ढिगाऱ्यात नवी चूक दिसत नाही. आता माल उतरतानाच एन्ट्री होते. काउंटर अडवत नाही, पण रात्री मायनसची यादी काढतो आणि ज्याची एन्ट्री, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतो. मगच शटर खाली.

तुम्हीही आज रात्री ती यादी एकदा काढून बघाच.