कायदा शोधावयास शिकविणारा विद्यार्थी

वकील म्हणजे सारा कायदा मुखोद्गत असलेला मनुष्य, अशी समजूत घरोघर आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. कायद्यांची व न्यायनिर्णयांची संख्या इतकी प्रचंड आहे की, त्यांचे पाठांतर कोणाही बुद्धिमंताच्या आवाक्याबाहेरचे ठरावे. उत्तम वकिलास कायदा कोठे व कसा शोधावा हे ठाऊक असते. म्हणूनच विधिमहाविद्यालयांत विधिसंशोधन शिकविले जाते. अमेरिकेतील अनेक विधिमहाविद्यालयांत या वर्गासाठी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस अध्यापकांचे साहाय्यक नेमतात. आपल्याकडेही अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तयारी करताना ज्येष्ठ विद्यार्थी धाकट्यांना अशीच वाट दाखवितात.

या साहाय्यकाचे काम कोणते? नवख्या विद्यार्थ्यास पहिली अडचण येते ती खुणांची. 'ए. आय. आर. १९७६ एस. सी. १२०७' ही ओळ त्यास गूढ वाटते. साहाय्यक तिची फोड करून दाखवितो. 'ए. आय. आर.' म्हणजे नागपूरहून प्रसिद्ध होणारे 'ऑल इंडिया रिपोर्टर', १९७६ हे वर्ष, 'एस. सी.' म्हणजे सर्वोच्च न्यायालय. आणि शेवटचा आकडा पृष्ठाचा. निर्णय कोणत्या न्यायालयाचा, हेही ध्यानात घ्यावे लागते. आपला बालाघाट जिल्हा पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता. राज्यपुनर्रचनेनंतर, १ नोव्हेंबर १९५६ पासून, तो जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे आला. त्यापूर्वीचा येथील वादाचा निर्णय केवळ जबलपूरच्या नावाखाली शोधणारा रिकाम्या हातांनी परतावयाचा.

परंतु निर्णय सापडला म्हणजे काम संपले, असे मुळीच नाही. वरील ओळीवरून सापडणारा निर्णय जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. आणीबाणीच्या काळात स्थानबद्ध केलेल्या मनुष्यास आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयाकडे दाद मागता येईल काय, असा प्रश्न होता. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी 'येणार नाही' असे उत्तर दिले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. एवढे वाचून ग्रंथ मिटणारा विद्यार्थी फसलाच म्हणावयाचा! साहाय्यक त्यास एवढेच विचारतो, "यानंतर काय घडले?"

मग पुढचा शोध सुरू होतो. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, असे ठरविले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय स्पष्टपणे रद्दबातल ठरविला. पहिल्या निर्णयातील बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो मोडीत काढणारे प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. कायद्यापुढे नात्याचीही भीड नसते, याचे याहून ठसठशीत उदाहरण कोणते? हा पुढचा भाग न शोधणारा वकील मेलेल्या कायद्याच्या आधारावर उभा राहील, आणि त्याची किंमत मात्र त्याच्या अशिलास मोजावी लागेल.

हे सारे साहाय्यक पाच मिनिटांत सांगू शकला असता. तरीही तो सांगत नाही, यातच त्याचे कौशल्य आहे. आयते उत्तर एका प्रश्नापुरते पुरते; शोधण्याची सवय जन्मभर कामी येते. शिवाय धाकट्याच्या साध्या प्रश्नामुळे त्याचे स्वतःचे ज्ञानही पारखून निघते, कारण आपल्यास जे खरोखर कळले नाही ते दुसऱ्यास समजावून देता येत नाही.

ही रीत आपल्या भूमीस नवी नाही. मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची पद्धत मद्रासच्या अनाथाश्रमात अवलंबून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये तिचा वृत्तांत लंडनला प्रसिद्ध केला आणि इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धती' म्हणून रूढ झाली.

विद्यार्थी मित्रहो, धाकटा भाऊ गणित अडले म्हणून वही घेऊन आला, तर त्यास उत्तर लिहून देऊ नका. तो कोठवर आला ते विचारा, पुढची एक पायरी दाखवा आणि पेन्सिल त्याच्याच हाती राहू द्या.