धारेची अवजारे (सोलापूर जिल्हा)

महाराष्ट्रातील सोलापूर जिल्ह्यात घरकाम, शेती आणि रानातील किरकोळ कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या पात्याच्या हत्यारांना येथे धारेची अवजारे म्हटले आहे. विळी, सुरी, विळा, कोयता, खुरपे आणि छाटणीची कात्री ही त्यांतील प्रमुख होत. एकाच चाकूने सर्व कामे करण्याची पद्धत या भागात फारशी रुजलेली नाही. प्रत्येक कामाचे पाते वेगळे असते आणि चांगल्या पात्याची ओळखही कामागणिक बदलते. उसाच्या फडात उत्तम ठरलेला कोयता ज्वारीची कणसे खुडताना हाताला ओझे होतो, आणि स्वयंपाकघरातील कडक, पातळ सुरी बाभळीच्या फांदीवर मारली तर तिचा कपचा उडतो. त्यामुळे पाते किती धारदार आहे यापेक्षा त्याचे पोलाद कसे आहे, त्याला 'पाणी' कसे दिले आहे, मूठ कशी बसवली आहे आणि धार पुन्हा लावता येते की नाही, यांवर निवड ठरते.

पोलाद आणि 'पाणी'

पोलादी पात्याला तापवून एकदम थंड करण्याच्या क्रियेला मराठीत 'पाणी देणे' म्हणतात. पोलादात कार्बन पुरेसा असेल तरच पाणी चढते. साध्या मऊ लोखंडाला कितीही तापवून बुडवले तरी त्याची धार टिकत नाही. लोहाराच्या भात्यावर घडणाऱ्या विळ्या-कोयत्यांसाठी मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे पसंत केले जातात, त्याचे कारण हेच आहे. कमानीच्या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. शिवाय वाकून पुन्हा सरळ होण्याचा गुण त्या पोलादात मुळातच आणलेला असतो. हा कच्चा माल भंगारात स्वस्त मिळतो, हा आणखी एक फायदा.

पाते लालभडक झाले की ठरावीक तापमानापुढे ते लोहचुंबकाला चिकटेनासे होते. पोलादात हा बदल सुमारे ७७० अंश सेल्सिअसला होतो. त्याच्या थोडे वर नेऊन पाते पाण्यात किंवा तेलात बुडवतात. कसबी लोहार बहुधा संपूर्ण पाते न बुडवता केवळ धारेची कड बुडवतो, त्यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. एवढ्यावर थांबले तर धार काचेसारखी ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर या वेळी रंग चढत जातात. प्रथम गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्यावर थांबवलेले पाते कडक असते व कापण्यास योग्य ठरते, तर निळ्याकडे नेलेले पाते चिवट होते व घाव घालण्यास योग्य ठरते. अंदाज चुकला तर त्याचे परिणाम वापरणाऱ्याला भोगावे लागतात. पाणी जास्त झाले तर पाते मोडते, कमी झाले तर धार वळते.

कडकपणा आणि चिवटपणा यांतील हा तोल जाहिरातीत फारसा सांगितला जात नाही. 'अतिशय कडक पोलाद' हा सुरीचा गुण असू शकतो, पण कोयत्याचा तो दोषच आहे.

गंजरोधक पोलाद, म्हणजे बोलीभाषेतील 'स्टील', यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. ते गंजत नाही, धुण्यास सोपे असते आणि आंबट पदार्थांनी काळे पडत नाही. मात्र स्वस्त स्टीलच्या सुऱ्यांत कार्बन कमी असल्याने त्यांची धार लवकर जाते. लोखंडी विळीवर चिरलेले वांगे काळे पडते, कारण वांग्यातील तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होतो. त्याने अपाय होत नाही, पण अनेक घरांत स्टीलची विळी आणण्यामागे हे एक कारण असते.

घडवणारे

गावगाड्यातील बारा बलुतेदारांत लोहार होता. शेतकऱ्यांची अवजारे वर्षभर दुरुस्त करून देणे आणि सुगीत त्याबद्दल धान्य घेणे, असा हा व्यवहार होता. त्याच्या जोडीने घिसाडी ही भटकी जमात भाता, ऐरण आणि घण घेऊन गावोगाव फिरत असे. घिसाडी समाजाचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत होतो. या समाजात पुरुष सांडशीने पाते धरतो आणि स्त्री घण मारते, हे दृश्य आजही रस्त्याकडेला किंवा आठवडी बाजाराच्या कडेला दिसते. कारखान्यात साच्यातून निघालेली पाती स्वस्त व एकसारखी असतात. तरीही कोयता घेताना अनेक जण लोहाराकडेच जातात. मापानुसार वाक, वजन आणि मूठ करून मिळते, आणि पाणी बिघडले तर तेच पाते त्याच्याकडून दुरुस्त करून घेता येते. दुकानातील पाते बिघडले तर बहुधा ते टाकूनच द्यावे लागते.

ज्वारी आणि करडई

सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काळ्या, भेगाळलेल्या जमिनीतून ज्वारीची ताटे अनेक ठिकाणी हातानेच उपटतात. काही ठिकाणी विळ्याने कापतात. कडबा पेंढ्यांत बांधला जातो आणि कणसे विळ्याने खुडली जातात. दिवसभरात हजारो वेळा तीच हालचाल करावी लागत असल्याने या विळ्याचे पाते अरुंद, हलके आणि चांगले वाकलेले असावे लागते. वाकामुळे ताट धारेवर आपोआप आवळले जाते आणि ओढीने कापले जाते. वाक कमी असेल तर ताट निसटते व मनगटाला झटका बसतो.

साध्या धारेचा आणि दातेरी असे विळ्याचे दोन प्रकार आहेत. दातेरी विळ्याला वरचेवर धार लावावी लागत नाही आणि ओढून कापण्यात तो सरस ठरतो. पण दाते झिजले की ते घरी पुन्हा पाडता येत नाहीत. शिवाय दाते एकाच बाजूने पाडलेले असल्याने उजव्या हाताचा विळा डावखुऱ्याला नीट चालत नाही. साध्या विळ्याला बांधावरच्या दगडावरही धार लावता येते. कणसे खुडण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात, पण विळ्यांच्या मुठी मात्र पुरुषी हाताच्या मापाने केलेल्या असतात. खरेदीत याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

करडईची काढणी पहाटे किंवा सकाळी लवकर करतात, कारण दहिवराने काटे मऊ पडलेले असतात. हाताला कापड गुंडाळून काम करताना बारीक मूठ निसटते. येथे जाड मुठीचा विळा उपयोगी ठरतो.

ऊस

ऊसतोडीचा कोयता हे या भागातील सर्वांत जड रोजचे पाते होय. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे, आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या गाळप हंगामात बीड व इतर दुष्काळी भागांतून तोडकरी येथे येतात. तोडणीचा हिशेब टनावर होतो. या व्यवसायात 'कोयता' हा शब्द माणसांच्या मोजणीचा झाला आहे. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल याच हिशेबाने दिली व फेडली जाते.

ऊस जमिनीलगत, बुडख्याजवळ तोडावा लागतो. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर अधिक असते, म्हणून उंच तोड केल्यास वजन आणि साखर दोन्ही शेतातच राहतात. खोडव्यासाठीही बुडखा स्वच्छ कापला जाणे आवश्यक असते. चिरफाळलेल्या बुडख्यात रोग शिरतो आणि फुटवा कमजोर येतो. त्यामुळे कोयत्याची धार जमिनीला आणि खड्यांना सतत घासते. अतिकडक पात्याला येथे खाचा पडतात, मऊ पात्याची धार वळते. कोयत्याचे पाते रुंद, पाठ जाड आणि धारेचा कोन सुरीपेक्षा मोठा ठेवतात. वजन पुढच्या भागात असेल तर घाव पात्याच्या भाराने पडतो व खांद्याला श्रम कमी होतात. मात्र त्याच कोयत्याने वाढे छाटायचे आणि पाचट सोलायचे असल्याने वजन फार वाढवूनही चालत नाही. बोथट कोयत्याने एका उसाला दोन घाव घालावे लागले, तर टनावर मोजल्या जाणाऱ्या मजुरीत ते थेट दिसते.

डाळिंब

सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापूरजवळ केगाव येथे आहे. बागेत कोयत्याऐवजी छाटणीची कात्री, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील 'सिकेटर', वापरतात. येथे धारेइतकेच महत्त्व स्वच्छतेला आहे. 'तेल्या' हा डाळिंबावरील जिवाणूजन्य रोग छाटणीच्या हत्यारांतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि त्याने संपूर्ण बाग हातची जाऊ शकते. म्हणून एका झाडाची छाटणी झाल्यावर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवून मगच पुढच्या झाडाला लावण्याची शिफारस केली जाते. या द्रावणाने पोलाद गंजते, त्यामुळे काम संपल्यावर कात्री धुऊन, पुसून तिला तेल लावावे लागते. कात्रीची पाती सुटी करता येतील आणि स्प्रिंग बदलता येईल अशी रचना निवडणे सोयीचे असते. एकजीव बसवलेल्या कात्रीच्या सांध्यात चीक साचून राहतो, आणि तेथे द्रावण पोचत नाही.

घर आणि रान

स्वयंपाकघरात पाटावर उभे पाते बसवलेली विळी हे पारंपरिक साधन आहे. तिच्या टोकाला नारळासाठी खवणी असते. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलती असते. दोन्ही हात मोकळे राहत असल्याने भेंडी, गवार, पालेभाजी झपाट्याने चिरता येते. ओट्यावर उभ्याने काम करण्याची पद्धत आल्यावर सुरीचा वापर वाढला. घरगुती सुरीचे पाते पातळ असावे. तिच्या धारेचा कोन दोन्ही बाजूंस १५ ते २० अंशांचा ठेवतात, तर घाव घालण्याच्या हत्याराला २५ ते ३० अंशांचा कोन लागतो.

रानात, प्रवासात किंवा गडावर जाताना सोबत ठेवण्यासाठी घडीचा छोटा चाकू पुरेसा असतो. त्याचे पाते उघडल्यावर पक्के अडकले पाहिजे. कळ नसलेला चाकू दाब उलट्या दिशेने पडताच बोटांवर मिटतो. लाकूड फोडणे, डबा उचकटणे अशी कामे घडीच्या चाकूने करू नयेत, कारण त्याचा सांधा हा त्याचा सर्वांत कच्चा भाग असतो. शेळ्यामेंढ्यांसाठी फांद्या पाडताना मेंढपाळ लांब काठीला पाते बसवलेली आकडी वापरतात.

पारख

पाते घेताना ते डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत पाहिल्यास पीळ किंवा वाकडेपणा लगेच दिसतो. धारेजवळ बारीक तडे दिसले तर पाणी देताना पाते चिरलेले आहे असे समजावे. कानस धारेच्या कडेवर हलके फिरवून पाहणे ही जुनी परीक्षा आहे. कानस लोण्यात शिरल्यासारखी खाऊ लागली तर पाते मऊ आहे, काचेवरून घसरावी तशी घसरली तर ते ठिसूळ असण्याचा संभव आहे. कानस लागते पण अडखळत लागते, तेथे पाणी बरोबर बसलेले असते. चकाकी आणि नक्षी यांवरून काहीच कळत नाही.

मुठीकडे तितकेच लक्ष द्यावे. पात्याचे टोक मुठीत खोलवर गेलेले, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे बसवलेले आणि लाकूड वाळलेले असावे. ओल्या लाकडाची मूठ वाळल्यावर सैल होते व घाव घालताना पाते सुटते. बाभळीचे लाकूड टणक असल्याने मुठींसाठी ते सर्रास वापरतात. प्लॅस्टिकची मूठ भिजत नाही, पण घामाने निसरडी होते.

धार आणि दुखापत

बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेले पाते निसटले की आवरत नाही. ऊस तोडताना डाव्या हाताने ऊस धरलेला असतो व घाव पायाजवळ पडतो, म्हणून डावा हात आणि नडगी यांना जपावे लागते. तोडकऱ्याच्या हाताला जखम झाली तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय उचलही अंगावर राहते. माती लागलेल्या पात्याच्या जखमेतून धनुर्वाताचा धोका असतो. अशी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन तिच्यावर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि लशीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जखमेवर हळद, माती किंवा तंबाखू भरू नये.

कोयत्याला फडात कानशीने आणि विळीला किंवा सुरीला दगडावर पाणी घालून धार लावतात. विजेच्या चाकावर धार लावताना पाते निळे पडले, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. त्या जागी धार पुन्हा टिकत नाही. उसाचा रस वाळला की पाते गंजते, म्हणून ते धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवतात.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून (सुमारे २३ सेंमी) लांब किंवा २ इंचांहून (सुमारे ५ सेंमी) रुंद पात्याचे चाकू आणि तत्सम हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे यातून वगळली आहेत. कोयता मापाने मोठा असूनही शेतकऱ्याच्या हाती तो अवजार असतो, ते याच तरतुदीमुळे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू किंवा अन्य हत्यारे बाळगता येत नाहीत. पुण्यात २०२३ च्या सुमारास कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या घटना गाजल्या आणि 'कोयता गँग' हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला. बाजारातून नवे पाते आणताना ते कापडात किंवा पोत्यात गुंडाळून नेण्याची रीत अपघात टाळण्यासाठी होती. शहरातून जाताना ती आता दुहेरी उपयोगाची ठरते.