सत्तर पायऱ्यांवरचं निवृत्तिगाव

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा वेगळा विचार आहे, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलंय. मंत्रिमंडळाने ते मे 2025 मध्ये मंजूर केलं. त्याआधीचं धोरण 2007 सालचं होतं. ज्येष्ठांची घरं म्हटलं की पुण्यातलं ‘अथश्री’, नेरळचं ‘डिग्निटी’ अशी संकुलं आठवतात. तिथे हिरवळ असते, भोजनगृह असतं, बोलावल्यावर येणारी परिचारिका असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र भाईंदर पूर्वेतला एक जिना येतो.

माझी मावशी तिथे चौथ्या मजल्यावर राहते. पायऱ्या सत्तर आणि मावशीचं वयही सत्तर. लिफ्ट नाही. 1987 साली लालबागची चाळीतली खोली सोडून ती इथे आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. एका हातात पाण्याची कळशी आणि कडेवर पोर घेऊन हाच जिना दिवसातून चार-चार वेळा चढायची. काकांची गिरणी 1982च्या संपानंतर उघडलीच नाही. पुढे एका खासगी कंपनीत त्यांनी दिवस काढले. मुलगा आता पुण्यात आहे, मुलगी दुबईत. काका गेले त्याला सहा वर्षं झाली.

मावशीचा सगळा दिवस त्या जिन्यावर बेतलेला असतो. खाली उतरायचं ते एकदाच, सकाळी साडेसहाला. जेसल पार्कला खाडीच्या कडेने फेरी, मग भाजी, औषधं, बँक उघडेपर्यंत देवळात, पासबुक भरून झालं की घर. काही विसरलं तर ते उद्यावर. दुपारी कोथिंबीर-लिंबू हवं असेल तर दोरीला बांधलेली पिशवी गॅलरीतून खाली सोडायची. “चढताना दम लागतो गं, पण गुडघे उतरतानाच जास्त रडतात,” ती म्हणते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. सगळे म्हातारे तिथे दोन मिनिटं टेकतात आणि त्या दोन मिनिटांत कोणाची साखर वाढली, कोणाचा मुलगा येणार आहे, हे सगळं एकमेकांना कळतं.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2001 मध्ये ती 5 लाख 20 हजारांवर गेली आणि 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर. या आकड्यांत एक साधा हिशेब दडलेला आहे. गिरगाव, परळ, दादरहून तिशीतली जोडपी एकाच लाटेत इथे आली. एकाच लाटेत आलेली माणसं म्हातारीही एकत्रच होतात. देशात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण 2011 साली 8.6 टक्के होतं, महाराष्ट्रात 9.9 टक्के. मावशीच्या विंगेत सोळा घरं आहेत. त्यांतल्या अकरा घरांत साठीच्या आतलं कोणीच नाही.

मायकेल हंट या अमेरिकी अभ्यासकाने 1980च्या दशकात अशा वस्त्यांना एक नाव दिलं. मराठीत त्याला ‘आपोआप घडलेली निवृत्तांची वस्ती’ म्हणता येईल. म्हाताऱ्यांसाठी कोणी बांधलेली नाही, पण राहणारे तिथेच राहिले आणि वय वाढत गेलं, अशी. हंट यांचं म्हणणं वाचल्यापासून मला भाईंदर वेगळंच दिसायला लागलंय, आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेवरचं न्यू यॉर्कमधलं पेन साउथ तर मनातून जातच नाही.

पेन साउथ ही 1962 साली उभी राहिलेली सहकारी गृहसंस्था. दहा इमारती, 2,820 घरं. मागे उभी होती कपडे शिवणाऱ्या कामगारांची युनियन. म्हणजे तिकडचे सुई-धाग्याचे कामगार आणि इकडचे आमचे गिरणीवाले! दोन दशकांनी तिथली बहुतेक घरं म्हाताऱ्यांची झाली. पण ‘कुठेतरी जा’ असं त्यांना कोणी सांगितलं नाही. 1986 साली संस्थेने आपल्याच आवारात परिचारिका आणि समाजसेवक आणले. पडून हाड मोडलेल्याला घरी परतता यावं, एकट्याची चौकशी व्हावी, दुपारी एकत्र बसायला जागा असावी, एवढंच काम. ते इतकं चाललं की नव्वदच्या दशकात न्यू यॉर्क राज्याने अशा वस्त्यांसाठी सरकारी पैसा द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे यातलं निम्मं काम फुकटात झालेलं आहे, आणि ते पाण्याने केलंय. ऐंशीच्या दशकात इथे पाण्याचे जे हाल होते ते भोगलेल्यांना सांगायला नको. टँकर आला की हंडे घेऊन धावायचं, कोणाचं बाळ आजारी असेल तर त्याचा हंडा आधी भरायचा. त्या रांगेत जोडलेल्या बायका आज मावशीच्या कट्ट्यावर बसतात. त्यांत एक मारवाडी भाभी आहेत, एक मंगळुरी शेट्टी अम्मा आहेत, मूळच्या गावठाणातल्या एक आगरी मावशी आहेत. हिच्या घराची किल्ली तिच्याकडे असते. सकाळी आठपर्यंत दाराबाहेरची दुधाची पिशवी उचललेली दिसली नाही की शेट्टी अम्मा बेल वाजवतात. पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याला मावशीच्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, चाळीस वर्षांची भांडी त्याला कारण. मग भाभींचा नातू तिच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरून दाखला काढून देतो.

ही पेन्शन म्हणजे काय, तेही सांगते. ईपीएस-95 योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. संकुलांच्या जाहिराती या माणसांना उद्देशून नाहीत, हे त्या आकड्यावरूनच कळतं. महारेराने 2024 साली निवृत्तांच्या प्रकल्पांसाठी नियम केले: चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, 900 मिलिमीटर रुंद दारं, उतार, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात धरायला दांडे. नियम उत्तम आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण ते लागू आहेत नव्याने विकल्या जाणाऱ्या घरांना. मावशीच्या न्हाणीघरात दांडा बसवायला सुतार, प्लंबर आणि सहाशे-सातशे रुपये पुरले. हे काम शहरभर करायला कोणत्या धोरणाची वाट बघायची?

मीरा रोडच्या शैलेश मिश्रांची ‘सिल्व्हर इनिंग्ज’ संस्था ज्येष्ठांसाठी काम करते. नालासोपाऱ्याजवळ राजोडीला त्यांचं ‘स्नेहांजली’ हे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचं घर आहे. अशा आजारात घराबाहेरचा आधार लागतोच, त्याला पर्याय नाही. बाकीच्यांना मात्र आपला जिना आणि आपली माणसं सोडायची नाहीत. उत्तनला गेलात तर सत्तरी ओलांडलेल्या कोळणी बांबूंवर बोंबील वाळत घालताना दिसतात. तिथे निवृत्ती हा शब्दच कोणी वापरत नाही.

आणि आता पुनर्विकास आलाय. 2019 पासून त्याला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. लिफ्ट मिळेल, म्हणून मावशीने सहीला नकार दिलेला नाही. तिला भीती आहे ती मधल्या तीन-चार वर्षांची. भाडं बिल्डर देईल, पण घर जिथे मिळेल तिथे शोधायचं. एक नालासोपाऱ्याला, एक काशीमिऱ्याला, तिसरी लेकीकडे बोरिवलीला. सत्तरीत चार वर्षं म्हणजे काय, हे करारनाम्यातल्या चौरस फुटांच्या तक्त्यात बसत नाही. गेल्या वर्षी शेजारची इमारत पाडली. तिथले देशपांडे काका-काकू भाड्याच्या घरात गेले आणि काका तिथल्या अनोळखी जिन्यावरच पडले. परत येताना काकू एकट्या येणार आहेत.

मला वाटतं, राज्याला खरंच ज्येष्ठांसाठी काही करायचं असेल तर त्याने याच ठिकाणी हात घालावा. पुनर्विकासाच्या करारात एकट्या ज्येष्ठांना जवळजवळ, खालच्या मजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत घरं शोधून देण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकावी. ज्या इमारती अजून दहा वर्षं उभ्या राहणार आहेत, त्यांना बाहेरून लिफ्ट जोडायला परवानगी आणि पैसा, दोन्ही सहज मिळावं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा हवा. आणि वळणावर ती खुर्ची असू द्यावी, पण भिंतीला लागून दुमडणारी. आग लागली तर वाट मोकळी हवी.

मावशीने वाट पाहिलेली नाही. सोसायटीच्या येत्या सभेसाठी तिने फुलस्केपवर एक अर्ज लिहून सेक्रेटरींकडे दिलाय: आम्हा चौघींना भाड्याची घरं एकाच इमारतीत मिळावीत, भाडं थोडं कमी दिलंत तरी चालेल. खाली चार सह्या आहेत, त्यातली एक कन्नडमध्ये. सभा पुढच्या रविवारी आहे, तळमजल्यावर.