मानेवरची गाठ आणि क्षयाचे भाऊबंद

मुलाच्या जबड्याखाली एका बाजूला गाठ येते. ती दुखत नाही, तापही नाही, पोर नेहमीसारखे खेळत असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'गंडमाळ'. आपल्या देशात हा संशय रास्तच आहे. मानेच्या गाठीत प्रथम क्षयच शोधला पाहिजे. परंतु क्षयजंतूला भाऊबंद पुष्कळ आहेत. ते माती-पाण्यात नांदतात आणि माणसाकडून माणसाला सहसा लागत नाहीत. एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या मानेत ते विशेषेकरून घर करतात. 1956 साली यांपैकी एकाचे नाव ठेवले गेले 'स्क्रोफ्युलेसियम'. स्क्रोफ्युला म्हणजे आपली गंडमाळच! हल्ली मात्र 'ॲव्हियम' अधिक आढळतो.

हे ओळखावयाचे कसे? गाठीतला द्रव सुईने काढून रंगविला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या दिसल्या, की पुष्कळांना निदान झाले असे वाटते. पण हे सारे भाऊबंद तांबडेच दिसतात! ट्युबरक्युलिनची सुई हातावर टोचली तर त्यांच्यामुळेही सूज येते, आणि लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळेही. इंटरफेरॉन-गॅमा ही रक्ताची चाचणी अधिक चोखंदळ. ती ज्या प्रथिनांवर बेतली आहे ती बीसीजीत नाहीत, ॲव्हियममध्येही नाहीत. 'कॅन्सासी'मध्ये मात्र आहेत. काड्या दिसल्या, पण क्षयजंतूची जनुकीय चाचणी नकारार्थी आली, तर संशय भाऊबंदांवर जातो. अखेरचा निवाडा प्रयोगशाळेत जंतू वाढवूनच व्हावयाचा. त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि कधी काहीच उगवत नाही. तोवर घरात कोणी क्षयरोगी आहे काय, मुलाचे वजन घटते आहे काय, छातीचे चित्र कसे आहे, ही साधी विचारपूसच उपयोगी पडते.

एवढा खटाटोप कशासाठी? क्षयाची नेहमीची औषधे ॲव्हियमवर नीट चालत नाहीत. पोराने ती महिनोन्‌महिने फुकट गिळावयाची. गाठ नुसती चिरली तर जखम वाहतच राहते. ती समूळ काढणे बरे, मात्र चेहरा हलविणारा मज्जातंतू जवळच असल्याने हात निष्णात हवा. उलट, क्षय असताना तो नाही म्हटले तर मुलाचा घात होतोच, शिवाय ज्याच्यापासून तो लागला तो घरातला रोगीही तसाच राहतो.

गाठ काढावयाची ठरली, तर एक गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. काढलेली सगळी गाठ फॉर्मलीनमध्ये टाकली तर त्यातले जंतू मरतात आणि पुढे काही वाढविता येत नाही. एक तुकडा फॉर्मलीन नसलेल्या निर्जंतुक बाटलीत, जंतुपरीक्षेसाठी, निराळा पाठवावा लागतो.